अठराव्या शतकातलं लंडन : चित्राचे पैसे नेमके कोण देत होतं?

कुंचलाबहाद्दर

बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागा काढतोय. अठराव्या शतकातली ब्रिटिश कला म्हटलं की आपल्याला एकतर विगवाले लॉर्ड, त्यांच्या बायका, कुत्री आणि घोडे आठवतात, नाहीतर उडी मारून आपण थेट नंतरच्या काळातल्या टर्नर या चित्रकारावर जातो. मला त्या शतकात सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो तो पैशाचा भाग. इटलीत चित्रकाराला चर्च पोसत होतं, फ्रान्समध्ये राजा. इंग्लंडात चर्चमधली चित्रं-मूर्ती धर्मसुधारणेच्या काळात फोडून पुसून झालेल्या, त्यामुळे तिकडून काम जवळपास बंद, आणि दरबारही फ्रान्ससारखा खर्चिक नाही, मग चित्रकाराने खायचं काय?

माझं म्हणणं असं की उत्तर आहे शिलिंग. म्हणजे तिकीट काढणारं, वर्गणी भरणारं, दुकानात जाऊन छापील चित्र विकत घेणारं पब्लिक. आणि हे ज्याला सगळ्यात आधी नीट कळलं तो चित्रकार विल्यम होगार्थ.

गडी १६९७चा, लंडनच्या स्मिथफिल्ड भागातला. बाप शाळामास्तर, त्याने काय करावं तर एक कॉफी हाऊस काढलं जिथे गिऱ्हाइकांनी लॅटिनमध्ये बोलायचं! अर्थातच बुडालं आणि कर्जापायी बाप फ्लीट तुरुंगात. पोरगा पुढे चांदीच्या भांड्यांवर नक्षी कोरणाऱ्याकडे उमेदवारीला लागला, तिथे हात तयार झाला, पण पैशाची भीती मात्र बापाकडून आली असावी असं मला नेहमी वाटतं. १७३२मध्ये त्याने 'अ हार्लट्स प्रोग्रेस' ही ६ चित्रांची मालिका छापली. गावाकडून लंडनला आलेली मुलगी, तिला कुंटणखान्याकडे नेणारी बाई, मग रखेल, मग तुरुंग, मग मरण. ६ चित्रांच्या संचाला एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग (पौंडापेक्षा एक शिलिंग जास्त), आणि आगाऊ वर्गणीदार किती तर बाराशेच्या वर. हिशोब करा तुम्हीच.

आता गंमत पुढे आहे. महिन्याभरात बाजारात नकला आल्या. कोणी पण उठावं, छपाईसाठी तेच चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरून घ्यावं आणि स्वस्तात विकावं, कायदाच नव्हता. मग हा बाबा बाकीच्या कोरक्यांना घेऊन पार्लमेंटमध्ये गेला आणि १७३५ला कायदा करून आणला, मूळ चित्र ज्याचं त्याला १४ वर्षं हक्क. त्याची पुढची मालिका 'अ रेक्स प्रोग्रेस' तयार होती पण कायदा लागू होईपर्यंत त्याने ती अडवून धरली. तर नकलाबहाद्दरांनी काय केलं, गिऱ्हाईक असल्याचं सोंग करून माणसं त्याच्या घरी पाठवली, त्यांनी मूळ चित्रं बघून डोक्यात साठवली आणि बाहेर येऊन नक्कल काढवली, ती पण कायद्याच्या आधी! स्मरणातून काढलेली असल्याने काही ठिकाणी हास्यास्पद झालीयेत. होगार्थने मग स्वतःच एका विक्रेत्याला हाताशी धरून लहान आकाराच्या अधिकृत स्वस्त प्रती काढल्या, अख्ख्या ८ चित्रांचा संच अडीच शिलिंगला. पायरसीवर इतका शहाणा इलाज आजसुद्धा फार कोणी करत नाही.

तर जाणकारांनी भर घाला, विरोध करा, काहीही चालेल.

रिकामटेकडा_०७

पहिला! लॅटिन कॉफी हाऊस वाचून खुर्चीतून पडलो. पुण्यात असं काही निघालं तर चालेल मात्र.

मंजिरी_उवाच

मस्त धागा, वाचनखूण साठवली. पण ते बाराशे वर्गणीदार म्हणजे 'पब्लिक' का हो? एक गिनी ही काही किरकोळ रक्कम नव्हती. लंडनमधल्या साध्या मजुराला दिवसाला दीड-दोन शिलिंग मिळत असतील तर एका संचासाठी त्याची जवळपास दोन आठवड्यांची मजुरी गेली. तो कशाला घेईल?

खडूस_आजोबा

मंजिरीताईंशी सहमत, आणि त्याहून पुढे जाऊन सांगतो की धागाकर्त्यांचा मुद्दाच उलटा आहे. होगार्थ हा अपवाद. बाकी सगळे चित्रकार जगत होते ते थोबाडं रंगवून. शुद्ध पोर्ट्रेटचा धंदा. जोशुआ रेनॉल्ड्सचं बघा, १७५८च्या सुमारास वर्षाला दीडशेच्या आसपास माणसं त्याच्यासमोर बसत होती. १७६४ला त्याचा दर होता नुसतं डोकं ३० गिनी, अर्धं अंग ७०, पूर्णाकृती १५०. हे शिलिंगवाले पब्लिक नव्हे हो, हे जमीनदार, सरदार आणि व्यापारी.

आणि सगळं चित्र एकट्याने रंगवायचं असंही नाही. चेहरा आणि हात मोठ्या चित्रकाराचे, कपडे भलत्याचेच. जोसेफ व्हॅन एकन नावाचा फ्लेमिश गृहस्थ होता, तो लंडनमधल्या अनेक नावाजलेल्या पोर्ट्रेटवाल्यांचे रेशीम, लेस, मखमल रंगवून द्यायचा. चित्रं त्याच्याकडे पाठवायची, त्याने अंगरखा चढवून परत करायची. १७४९मध्ये तो वारला तेव्हा होगार्थने म्हणे त्याच्या अंत्ययात्रेचं व्यंगचित्र काढलं, मागे सगळे पोर्ट्रेटवाले धाय मोकलून रडताहेत, कारण आता कपडे कोण रंगवणार!

तुमचा होगार्थ पोर्ट्रेटवाल्यांवर जळायचा हेही नोंदवून ठेवा.

कुंचलाबहाद्दर

@आजोबा, जळायचा हे मान्यच, स्वभावाने भांडकुदळ होता. पण पोर्ट्रेटवाल्यांचंसुद्धा शिलिंगशिवाय भागलं नाही हे मी दाखवतो. रेनॉल्ड्सने पोर्ट्रेट केलं की त्याचं मेझोटिंट, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून छापलेली प्रत, दुकानात लागायचं, विशेषतः नट्या आणि गाजलेल्या बायकांची. त्यातून त्याचं नाव गावभर व्हायचं आणि पुढची १५० गिनीवाली गिऱ्हाइकं त्या नावामुळे यायची.

आणि उलट बाजूने होगार्थलाही अस्सल रंगीत चित्रं विकायची हौस होतीच, तिथे मात्र बिचारा सपशेल आपटला. 'मॅरेज आ-ला-मोड' ही त्याची सगळ्यात भारी मालिका, १७४३च्या आसपासची, कर्जबाजारी उमरावाचा मुलगा आणि श्रीमंत व्यापाऱ्याची मुलगी, दोन बापांनी पैसा आणि खानदान यांची अदलाबदल केलेली, पुढे सगळ्यांचा सत्यानाश. (आपल्याकडे यावर मालिका काढली तर तीन वर्षं आरामात चालेल.) १७५१ला त्याने ६ मूळ चित्रं विकायला काढली आणि अट काय घातली तर बोली लेखी पाठवायची, चित्रांचे दलाल चालणार नाहीत. दलालांवर राग होता कारण ते इटालियन जुनी चित्रं, खरी-खोटी, श्रीमंतांच्या गळ्यात मारायचे. झालं असं की विक्रीच्या दिवशी जवळजवळ कोणी फिरकलंच नाही. जॉन लेन नावाचा एक गृहस्थ आला. आधीची बोली १२० पौंडांची होती, लेन म्हणाला पौंडाच्या गिनी करा. झाली विक्री! १२० गिनींना ६ चित्रं, आणि नुसत्या चौकटीच प्रत्येकी ४ गिनींच्या होत्या असं म्हणतात. म्हणजे रेनॉल्ड्सच्या एका पूर्णाकृतीपेक्षा कमी!

खडूस_आजोबा

हेच तर म्हणतोय मी. तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात. धन्यवाद.

आलाप_विलंबित

संगीताकडे कोणी वळणार की नाही? शिलिंगचा मुद्दा तिथे जास्त पक्का आहे असं माझं मत. व्हॉक्सहॉल गार्डन्स बघा. थेम्सच्या दक्षिणेला मोठ्ठी बाग, जोनाथन टायर्सने १७३०च्या दशकात ती नव्याने उभी केली, संध्याकाळी बोटीत बसून जायचं, एक शिलिंग तिकीट, आत झाडांमध्ये दिवे, मध्यभागी ऑर्केस्ट्रा, भोवती जेवायच्या खोपट्या आणि त्या खोपट्यांमध्ये फ्रान्सिस हेमन वगैरेंनी काढलेली मोठाली चित्रं. म्हणजे जेवता जेवता समकालीन इंग्लिश चित्रकाराचं काम बघायचं. लंडनमध्ये तेव्हा सर्वसामान्यांना चित्र बघायला दुसरी जागा होती कुठे? जेवण मात्र महाग, तिथला हॅम इतका पातळ कापायचे की त्यावर शतकभर विनोद चालले.

१७३८ला टायर्सने तिथे संगीतकार हँडेलचा संगमरवरी पुतळा बसवला, रुबियाक या शिल्पकाराने केलेला. हँडेल जिवंत होता तेव्हा! आणि पुतळा कसा, तर विग नाही, घरातला सैल झगा, टोपी, एक चप्पल पायातून निसटलेली, मांडीवर लायर हे तंतुवाद्य. राजा नाही, सेनापती नाही, गाणं रचणारा माणूस आणि तोही घरच्या कपड्यात. आज तो व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये आहे, माझ्या मते त्या शतकातली सगळ्यात गोड मूर्ती.

आणि फाउंडलिंग हॉस्पिटलबद्दल कोणीच लिहिलं नाही याचं आश्चर्य वाटतंय.

थेम्सकाठी

@आलाप, फाउंडलिंगबद्दल मी लिहिते, आज त्याचं म्युझियम आहे, त्याच्या जवळच माझं ऑफिस आहे.

थॉमस कोरम हा जहाजावरचा निवृत्त कप्तान. लंडनमध्ये रस्त्यावर टाकून दिलेली तान्ही पोरं बघून अस्वस्थ झाला आणि सतरा वर्षं दारोदार फिरून १७३९ला राजाची सनद मिळवली. हॉस्पिटल म्हणजे दवाखाना नाही, अनाथालय. होगार्थ पहिल्यापासून त्यात. त्याने १७४०ला कोरमचं भलंमोठं पोर्ट्रेट करून दिलं, राजेरजवाड्यांसारखं खांब, पडदा सगळं मागे, पण बसलेला माणूस लालबुंद चेहऱ्याचा, विग न घातलेला, पाय जमिनीला जेमतेम टेकणारा म्हातारा. आजोबा, थोबाडं रंगवायची तर अशी.

मग होगार्थने इतर चित्रकारांना पटवलं की संस्थेला एकेक चित्र दान द्या. चित्रकारांचाही फायदा, कारण देणगी द्यायला येणारी श्रीमंत मंडळी भिंतीवरची चित्रं बघणार. रॉयल अकादमी ही चित्रकारांची संस्था वगैरे निघायच्या वीस वर्षं आधी लंडनमध्ये इंग्लिश चित्रकारांचं काम एकत्र बघायचं तर लोक या अनाथालयात जायचे. होगार्थने एका मोठ्या चित्राची लॉटरीसुद्धा काढली होती १७५०ला, न खपलेली १६७ तिकिटं त्याने संस्थेला देऊन टाकली आणि चित्र संस्थेलाच लागलं. (योगायोग म्हणा.)

हँडेलने ऑर्गन दिला आणि १७५०पासून तिथल्या चॅपेलमध्ये दरवर्षी त्याच्या 'मसाया' या ख्रिस्तावरच्या समूहगानाचे धर्मादाय प्रयोग व्हायला लागले. त्याआधी १७४२ला डब्लिनमध्ये पहिला प्रयोग झाला होता, तिथे गर्दी मावावी म्हणून बायकांना झग्याखालचे घेरदार सांगाडे न घालता आणि पुरुषांना तलवारी न लावता यायची विनंती केली होती. हँडेल १७५९ला गेला तेव्हा मृत्युपत्रात 'मसाया'च्या स्वरलिपीची एक प्रत संस्थेला ठेवून गेला.

पण ही सगळी सुंदर बाजू झाली. आत पोरगं घ्यायची पद्धत वाचली की पोटात गोळा येतो. जागा कमी, आया जास्त, म्हणून चिठ्ठ्यांऐवजी पिशवीत रंगीत चेंडू. आईने हात घालायचा. पांढरा निघाला तर पोराची तब्येत तपासून आत, लाल निघाला तर थांबा, काळा निघाला तर पोराला घेऊन परत जा. आणि हे बघायला प्रतिष्ठित स्त्रिया येऊन बसायच्या. आयांनी ओळख पटावी म्हणून मागे ठेवलेल्या वस्तू म्युझियममध्ये काचेत ठेवल्यात, अर्धं नाणं, बटण, कापडाचा तुकडा, हेझलनट. वरच्या मजल्यावर हँडेलचे कागद आणि खाली हे. मला दोन्ही एका दमात बघवत नाही.

रिकामटेकडा_०७

आता विनोद सुचत नाहीये. चेंडूंचं माहीत नव्हतं.

मंजिरी_उवाच

थेम्सकाठी, सुरेख लिहिलंत.

मी माझा मुद्दा सोडत नाहीये मात्र 😀 शिलिंग हा दरवाजा उघडायला होता की बंद करायला? १७६०ला चित्रकारांनी मिळून स्ट्रँडजवळ पहिलं मोठं प्रदर्शन भरवलं. प्रवेश फुकट, फक्त कॅटलॉग विकत, सहा पेन्स, म्हणजे अर्धा शिलिंग. साडेसहा हजारांच्या वर कॅटलॉग खपले, आणि एक कॅटलॉग घेऊन आत-बाहेर करणारे वेगळे. तुफान गर्दी, नोकरचाकर, हमाल, सगळे. तर कलाकार घाबरले! पुढच्या वर्षी जागा बदलली आणि कॅटलॉग एक शिलिंग. १७६८च्या डिसेंबरात राजाच्या आश्रयाखाली रॉयल अकादमी निघाली, १७६९ला पहिलं प्रदर्शन, तिथे तर कॅटलॉगमध्ये छापूनच टाकलं होतं की राजाश्रय असल्याने आम्हाला फुकट ठेवायला आवडलं असतं, पण अयोग्य माणसांची गर्दी होऊ नये याला दुसरा उपाय सापडेना म्हणून पैसे घेतोय. म्हणजे तुमचा लाडका शिलिंग हा गाळणी होती.

आणि त्याच अकादमीत संस्थापकांमध्ये दोन स्त्रिया, अँजेलिका कौफमन आणि मेरी मोझर. योहान झोफनीने १७७१-७२मध्ये अकादमीच्या सदस्यांचा ग्रुप काढलाय, सगळे बाप्ये विवस्त्र मॉडेलभोवती उभे आहेत, आणि या दोघी? त्या भिंतीवरच्या दोन तसबिरी झाल्यात! कारण नागड्या पुरुषासमोर बायकांनी बसणं शिष्टसंमत नव्हतं. त्यानंतर अकादमीला पुढची पूर्ण सदस्य स्त्री मिळायला १९३६ उजाडलं, लॉरा नाइट.

कुंचलाबहाद्दर

गाळणी हा शब्द चोख. फक्त एवढंच म्हणेन की न परवडणाऱ्यांसाठी छापखान्याच्या दुकानांच्या खिडक्या होत्या. शतकाच्या शेवटी जेम्स गिलरेची व्यंगचित्रं हॅना हंफ्री नावाच्या बाईंच्या दुकानात काचेला लागायची आणि बाहेर फुटपाथवर गर्दी. पंतप्रधान पिट, राजा, राजपुत्र, कोणालाही सोडलं नाही त्याने, तो त्याच दुकानाच्या वर राहायचा. बघायला दमडी लागत नव्हती.

आणि होगार्थनेही प्रयत्न केला. १७५१ला 'जिन लेन' आणि 'बीअर स्ट्रीट' काढली ती मुद्दाम एक शिलिंगला, लोकांनी घ्यावीत म्हणून. जिन पिऊन झिंगलेली आई, हातातून पोर खाली पडतंय आणि तिला पत्ता नाही, मागे सावकाराचं दुकान तेवढं तेजीत. त्याच वर्षी जिनच्या विक्रीवर बंधनं आणणारा कायदा आला. चित्रामुळे आला असं नाही, आधीपासून ओरड होतीच, पण हवा तापवायला मदत झाली.

खडूस_आजोबा

'बीअर स्ट्रीट'मध्ये सगळे गुबगुबीत, सुखी, फक्त दोनच माणसांची दैना. एक सावकार आणि दुसरा पाटी रंगवणारा चित्रकार, फाटक्या कपड्यातला. बघा नीट. होगार्थला स्वतःच्या जमातीबद्दल काय वाटत होतं ते तिथे आहे.

आणि एक शिलिंगसुद्धा गरिबाला जास्तच. 'फोर स्टेजेस ऑफ क्रुएल्टी' त्याने आणखी स्वस्तात द्यायची म्हणून लाकडी ठशांवर कोरून घ्यायला सुरुवात केली, दोन झाले आणि थांबला, कारण तेच महाग पडत होतं.

आडनावात_काय

चर्चा छान चाललीय पण सगळे गिनी-शिलिंग मोजताय आणि ते आले कुठून हे कोणी विचारत नाही. 'हार्लट' आणि 'रेक' या दोन्ही मालिकांची मूळ रंगीत चित्रं १७४५ला कोणी घेतली? विल्यम बेकफर्ड. जमैकातले उसाचे मळे, शेकड्यांनी गुलाम, पुढे दोनदा लंडनचा महापौर. म्हणजे लोभ, व्यसन, उधळपट्टी यांवर ताशेरे ओढणारी चित्रं गुलामांच्या मेहनतीच्या साखरेतून विकत घेतली गेली आणि त्याच्या फाँटहिलच्या हवेलीत टांगली गेली. १७५५ला हवेलीला आग लागली, 'हार्लट'ची चित्रं जळून गेली, 'रेक'ची वाचली.

होगार्थच्या चित्रांत कृष्णवर्णीय नोकर पोरं पण दिसतात बघा, 'मॅरेज आ-ला-मोड'मध्ये एक चॉकलेटचा कप देतोय आणि एक लहानगा शिंगं असलेल्या मूर्तीकडे बोट दाखवून हसतोय. त्यांना तिथे कोणी आणलं हे चित्र सांगत नाही, पण ती आहेत.

दुसरं टोक म्हणजे इग्नेशियस सँचो. लहानपणी गुलाम, मग ड्यूक ऑफ माँटेग्यूच्या घरी नोकर, १७६८ला बाथ शहरात चित्रकार गेन्सबरोने त्याचं पोर्ट्रेट केलं, पावणेदोन तासांच्या आत म्हणे. नोकराचा गणवेश नाही, लाल जाकीट, हात खुपसलेला, थेट सभ्य गृहस्थ. पुढे त्याने वेस्टमिन्स्टरमध्ये दुकान टाकलं, पार्लमेंटच्या निवडणुकीत मतदान केलं, मेल्यानंतर १७८२ला त्याची पत्रं पुस्तकरूपाने निघाली आणि भरपूर खपली, तीही आगाऊ वर्गणीवर. आणि दुकानात काय विकायचा? साखर आणि तंबाखू. आता यावर काय बोलायचं.

कुंचलाबहाद्दर

बेकफर्डचा मुद्दा धाग्यात यायलाच हवा होता, आभार. सँचोच्या पत्रांच्या वर्गणीदारांची यादी बघायला हवी.

ओंकारेश्वराची_पायरी

थोडं अवांतर, पण पुण्याशी धागा जुळतो म्हणून.

मंजिरीताईंनी झोफनीचा उल्लेख केला. हाच झोफनी १७८३ला हिंदुस्थानात आला आणि लखनौला नबाबाकडे पैसे कमावले. लंडनमध्ये चित्रकारांची गर्दी झाल्याने बरेच जण इकडे नशीब काढायला येत होते. त्यातला एक जेम्स वेल्स, स्कॉटलंडचा, १७९१ला मुंबईत उतरला, १७९२ला पुण्यात. रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा वकील, चार्ल्स मॅलेटने त्याला पुढे केलं. आपण शाळेच्या पुस्तकात सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं जे एकत्र चित्र बघतो ते याच वेल्सचं, मूळ लंडनला रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. महादजी शिंद्यांचंही त्याने केलं. त्याच वेळी मॅलेटसाठी गंगाराम तांबट हा आपला माणूस वेरूळची लेणी, पुण्यातली माणसं, प्राणी काढत होता, त्याची चित्रं आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात पडलीयेत. वेल्स १७९५ला साष्टीत लेण्यांची रेखाटनं करता करता तापाने गेला.

आता कळस ऐका. १७९०चा पेशवे-इंग्रज तह, शनिवारवाड्यातला दरबार, त्यावर थॉमस डॅनियलने भलंमोठं तैलचित्र केलं, १८०५ला रॉयल अकादमीत लागलं. डॅनियल त्या दरबारात नव्हता. वेल्स पण नव्हता, तो तहानंतर पुण्याला आला. वेल्सने नंतर एकेकाची तोंडं रेखाटून ठेवली होती, ती घेऊन लंडनमध्ये बसून दरबार जुळवला गेला. काम मॅलेटने दिलेलं, जो तोपर्यंत वेल्सचा जावई झाला होता! आता ते लंडनच्या टेट या कलासंग्रहालयात आहे.

खडूस_आजोबा

म्हणजे तिथेही पैसे देणारा एकटा साहेब, पब्लिक नव्हे. बघा, सगळीकडे माझंच खरं होतंय.

मंजिरी_उवाच

आजोबा, काम साहेबाने दिलं, पण अकादमीत ते बघायला लोकांनी शिलिंगच दिला ना! 😀 पण पायरीसाहेब, तांबटांवर वेगळा धागा काढाच. लंडनमध्ये वेल्सची रेखाटनं ताम्रपटावर छापून निघाली, तांबटांचं नाव कितीजणांना माहीत?

थेम्सकाठी

कोणी इकडे येणार असेल तर सांगते. 'रेक'ची आठही मूळ चित्रं सर जॉन सोन म्युझियममध्ये आहेत, सोनच्या बायकोने १८०२ला लिलावात ५७० गिनींना घेतली. छोटी खोली आहे, भिंतीला कपाटाच्या दारांसारखी बिजागरी असलेली फळकुटं, ती उघडली की आत आणखी चित्रं. तिथला माणूस ठरलेल्या वेळी उघडून दाखवतो, वेळ विचारून जा. प्रवेश फुकट. 'मॅरेज आ-ला-मोड' नॅशनल गॅलरीत, तेही फुकट. लेननंतर ती अँगरस्टाइन नावाच्या विमावाल्याकडे गेली, १७९७ला, साधारण हजार गिनींना, आणि १८२४ला त्याच्या ३८ चित्रांवरच नॅशनल गॅलरी उघडली.

आडनावात_काय

अँगरस्टाइन म्हणजे लॉइड्स या लंडनच्या विमा बाजारातला ना? तिथे गुलामांच्या व्यापारातल्या जहाजांचे पण विमे उतरायचे. त्याच्या पैशाबद्दल कोणाला जास्त माहिती असेल तर इथेच लिहा, वेगळा धागा नको.